प्रत्येक चिठ्ठीवर बांबोळीच?

पोटात दुखतंय? गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, बांबोळीला न्या. विंचू चावला? बांबोळीला न्या. पोर तापाने फणफणलंय? तेच! आमच्या आरोग्य केंद्रात औषधं असोत नसोत, रेफरची चिठ्ठी मात्र आधीच लिहून ठेवलेली असावी. तिच्यावर सही करणारा डॉक्टर दर पावसाळ्यात नवा. म्हाताऱ्या आईच्या बीपीची कहाणी परत 'श्रीगणेशा'पासून ऐकवा!

गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणहून गोमेकॉ साठ-सत्तर किलोमीटर, वाटेत करमल घाट. रुग्णाने तोवर कळ सोसावी, दुसरं काय!

1842 पासून गोव्यात डॉक्टर घडताहेत म्हणून छाती फुगवायची. पण घडतात कुठे? आधी पणजीत, आता बांबोळीत. सत्तरी, सांगे, धारबांदोडा हे दूरचे तालुके काय फक्त इंटर्नशिपमध्ये तोंड दाखवण्यापुरते? जिथे शिकतो तिथे माणूस रुजण्याची शक्यता जास्त, हे कळायला समिती नेमायची का? पदव्युत्तर जागा तालुक्यात काढा, शिकवणारे ज्येष्ठ तिथे बसवा, विद्यावेतन आणि न गळणारी खोली सरकारने द्यावी.

पैसे नाहीत म्हणे! इफ्फी चित्रपट महोत्सवाचे मांडव घालताना बरे सापडतात.