बायर्न तिकीट: पाच जण चालतात, पण आयसीई नाही

ग्रुपवर फिरतंय ना, की बायर्न तिकीट (जर्मनीतल्या बायर्न म्हणजे बव्हेरिया राज्याचं एका दिवसाचं तिकीट) काढलं की पाच जण दिवसभर कुठल्याही ट्रेनने फिरा, ते अर्धंच खरं आहे हो. पाच जण चालतात, पण फक्त लोकल आणि रिजनल गाड्यांत, आयसीई किंवा आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत ते चालत नाही, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच सुरू होतं (शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून). म्युनिकहून फ्यूसेनला जाणारी रिजनल ट्रेन साधारण २ तास घेते, खिडकीतून गाई-कुरणं बघत आरामात जा, पुढे नॉयश्वानस्टाइन किल्ल्याच्या पायथ्यापर्यंतची बसही त्यातच येते. साल्झबर्ग ऑस्ट्रियात असूनही चालतं बरं का! आणि तिकिटावर सगळ्यांची नावं लिहा, टीसी आल्यावर पेन शोधत बसू नका.