१९४३ ची तांब्याची पेनी: चुंबक चिकटलं नाही म्हणजे लॉटरी नव्हे

तो मेसेज परत फिरायला लागलाय. अमेरिकेची १९४३ ची पेनी, म्हणजे एक सेंटचं नाणं, तांब्याच्या रंगाची असेल तर तुम्ही मालामाल, सरकारने ती मुद्दाम मोजकीच काढली होती, चुंबक चिकटलं नाही की अस्सल, फोर्ड कंपनी बदल्यात गाडी देते, आणि हो, विकायच्या आधी घासून चकाचक करा. एकेक घेऊ.

मुद्दाम वगैरे काही नाही हो. महायुद्धासाठी तांबं हवं होतं म्हणून त्या वर्षी सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडले, तीन टांकसाळी मिळून शंभर कोटींच्या वर. आधीच्या ब्राँझच्या (म्हणजे बहुतांश तांब्याच्याच) काही कोऱ्या चकत्या, बहुधा पेट्यांच्या फटीत अडकून राहिलेल्या, पोलादी चकत्यांत मिसळून प्रेसखाली गेल्या, बस. आज जेमतेम वीसेक माहीत आहेत. याच्या उलटंही झालंय, १९४४ ला सेंट परत तांब्याचे व्हायला लागले तेव्हा काही चुकून पोलादावर पडले, पण ते मेसेजवाल्याच्या गावीही नाही.

आता चुंबक. पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा चढवलेला असेल तर चुंबक लगेच पकडतं, तेवढ्यापुरती टेस्ट ठीक. पण नाही चिकटलं म्हणजे अस्सल? इथेच तर लोक फसतात! १९४८ ची साधी ब्राँझ पेनी घ्यायची, ८ ची डावी बाजू कोरून काढायची, झाला ३. चुंबक चिकटत नाही, वजनही ३.११ ग्रॅम म्हणजे अगदी बरोबर (पोलादीचं २.७ च्या आसपास असतं), मग करणार काय? भिंग घ्या आणि तो ३ बघा. खऱ्या १९४३ मधल्या ३ ची शेपटी लांब, बाकी आकड्यांच्या खाली उतरलेली असते, कोरलेल्या ८ ला ती येणार कुठून.

फोर्डची गाडी ही जुनी अफवा. १९४७ ला मॅसॅच्युसेट्समधल्या एका शाळकरी मुलाला अशी पेनी सुट्ट्या पैशांत मिळाली, त्याने फोर्डकडे चौकशी केली तर उत्तर आलं, असं काही नाही. त्याने ती जपून ठेवली, २०१९ ला लिलावात २,०४,००० डॉलर आले.

राहिलं घासणं. पॉलिश मारलेलं नाणं संग्राहक लांबूनच ओळखतात आणि भाव तिथेच पडतो. तशीच्या तशी पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासणाऱ्या कंपन्यांकडे तपासायला पाठवा.