प्रीकॅल्क्युलस म्हणजे "नुसती उजळणी" नाही, आणि रेडियन तर अजिबात गाळू नका

माझ्या धाकट्या बहिणीला यंदा पहिल्यांदाच कॉलेजात प्रीकॅल्क्युलस, म्हणजे कॅल्क्युलसच्या आधीचा तयारीचा कोर्स, शिकवायला मिळालंय. परवा रात्री तिने पंधरा आठवड्यांचा प्लॅन पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, एकदा नजर टाक ना." बघितलं तर पहिले पाच आठवडे नुसतं बीजगणित, ट्रिग्नॉमेट्री शेवटच्या तीन आठवड्यांत कोंबलेली, आणि रेडियन या कोन मोजायच्या मापासमोर "वेळ उरल्यास". हे कुठून काढलंस म्हणून विचारलं तर तिने तो मेसेज पाठवला जो सध्या गणित शिकवणाऱ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय, मलाच चार वेळा आलाय आणि चारही वेळा मी न वाचता सोडून दिला होता. आता घरातच पोचला म्हटल्यावर नीट वाचला.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मेसेज म्हणतो, प्रीकॅल्क म्हणजे शाळेच्या गणिताची उजळणी, नवीन काही नाही. आधी बीजगणित पक्कं करून घ्या, मगच पुढे जा. रोज एक सेक्शन, पुस्तक संपलंच पाहिजे. ट्रिगचं कोष्टक पाठ करून घ्या आणि सगळं अंशातच शिकवा, रेडियनने मुलं गोंधळतात. ग्राफ कॅल्क्युलेटर काढतो, त्यावर तास घालवू नका. पहिल्या आठवड्यात टेस्ट घ्या आणि निम्म्यापेक्षा कमी मार्कवाल्यांना विषय सोडायला सांगा. आणि शेवटी, "तसंही रिसर्चने सिद्ध झालंय की प्रीकॅल्कचा कॅल्क्युलसला काही उपयोग होत नाही."

सगळ्यात आधी रेडियन, कारण हे वाचून मला खरंच राग आला.

रेडियन म्हणजे अंशाला दिलेलं दुसरं नाव, मीटरऐवजी फूट वापरावं तसं, असं लिहिणाऱ्याला वाटतंय. तसं नाहीये. साइनचा डेरिव्हेटिव्ह (म्हणजे बदलाचा दर) कोसाइन येतो हे कॅल्क्युलसमध्ये आपण डोळे झाकून वापरतो ना, ते फक्त रेडियनमध्येच खरं आहे. अंशात मोजलंत तर प्रत्येक वेळी पुढे पाय (π) भागिले १८० म्हणजे साधारण ०.०१७५ चिकटतं, दुसऱ्यांदा डेरिव्हेटिव्ह काढला की पुन्हा चिकटतं. कारण शून्यापाशी साइनच्या ग्राफचा स्लोप रेडियनमध्ये बरोबर १ असतो आणि अंशात तेवढा बारीक, ०.०१७५. विश्वास नसेल तर ग्राफिंग कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर ठेवा, दोन्ही अक्ष उणे १० ते १० ठेवा आणि साइन एक्सचा ग्राफ काढा. सपाट रेघ दिसेल. दहा अंशांचा साइन ०.१७ च्या आसपास, त्या स्क्रीनवर तो अक्षाला चिकटूनच जातो. मी विद्यार्थी बघितलेत जे ती रेघ बघून "साइन म्हणजे शून्य" असं वहीत लिहून मोकळे झाले, आणि त्यात त्यांची चूक काय, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की हे फंक्शन आत काय घेतंय.

आणि रेडियन अवघड नाहीये हो. एक गोल झाकण घ्या, त्रिज्येएवढा दोरा कापा, तो काठावर वाकवून ठेवा, जो कोन झाला तो एक रेडियन. तोच दोरा काठावर फिरवत गेलात तर सहा वेळा बसतो आणि थोडी जागा उरते, ते थोडं म्हणजे ०.२८. वीस मिनिटांचं काम आहे. त्यानंतर दोन पाय कुठून आलं हे कोणाला पाठ करावं लागत नाही.

यात मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट वेगळीच आहे. ही कल्पना आपल्याला परकी नाहीच. आर्यभटाने ४९९ साली आर्यभटीयात 'ज्या'चं, म्हणजे आजच्या साइनचं, जे कोष्टक दिलंय त्यात त्रिज्या धरलीये ३४३८. हा विचित्र आकडा का? तर एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, पूर्ण वर्तुळाच्या कला होतात २१६००, त्याला दोन पायने भागलं की येतात ३४३८. म्हणजे त्याने त्रिज्या आणि कंस एकाच मापाने मोजले. आता ३४३८ कला म्हणजे किती अंश? ६० ने भागा, ५७.३. एक रेडियन! पुढे बघा, कोष्टकात दिलेले फरक मिळवत गेलं की पहिला कंस २२५ कलांचा आणि त्याची 'ज्या' पण २२५. दुसरा ४५० चा, 'ज्या' ४४९. तिसरा ६७५ चा, 'ज्या' ६७१. लहान कोनाला साइन आणि कोन जवळजवळ सारखेच आणि कोन वाढला की साइन हळूहळू मागे पडतो, हे तीन ओळींत समोर आहे, आणि ते दिसतं ते फक्त दोन्ही एकाच मापात आहेत म्हणून. कॅल्क्युलसमध्ये पुढे ज्या लिमिटवर अख्खी ट्रिग उभी राहते ती हीच. साइन हा शब्दसुद्धा 'ज्या' वरूनच अरबी आणि लॅटिनमधून फिरत गेलाय. हे सगळं हाताशी असताना आपणच एकमेकांना "रेडियन वगळा" सांगतोय. 'रेडियन' हा शब्द छापून आला तोसुद्धा एका शिकवणाऱ्याच्या प्रश्नपत्रिकेत, १८७३ साली, बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजात जेम्स थॉमसन यांच्या. वर्गात गरज पडली म्हणून आला तो.

कोष्टक पाठ करायला माझी हरकत नाही. तीस, पंचेचाळीस, साठचे आकडे तोंडावर असले तर हात भरभर चालतो. पण एकक वर्तुळावर (ज्याची त्रिज्या एक) बिंदू फिरतोय आणि त्याची उंची म्हणजे साइन, हे एकदा डोळ्यांसमोर बसलं तर दीडशे अंशाचा साइन वेगळा पाठ करायची गरज काय?

आता रिसर्चचं. इथे मला थोडं मान्य करावं लागतंय, मनाविरुद्ध का होईना. असा अभ्यास आहे. सॉनर्ट आणि सॅडलर या दोन संशोधकांनी २०१४ साली अमेरिकेतल्या कॉलेज विद्यार्थ्यांवर तो केला होता, आणि आधीची तयारी सारखी धरली तर कॉलेजात प्रीकॅल्क घेतलेल्यांना कॅल्क्युलसमध्ये म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही, हे खरंय. पण तो अभ्यास सांगतो की जसा हा कोर्स सर्रास शिकवला जातो तसा तो उपयोगी पडत नाही. आणि सर्रास कसा शिकवला जातो? या मेसेजमध्ये लिहिलाय तसाच! रोज एक सेक्शन, पाठांतर, उजळणी. मग हा पुरावा कोणाच्या विरोधात गेला?

आणि याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवणारं काम कोणी फॉरवर्ड करत नाही. मर्लिन कार्लसन, मायकेल ओहर्टमन आणि निकोल एंगेल्के यांनी २०१० साली प्रीकॅल्क्युलसच्या समजेची २५ प्रश्नांची एक चाचणी प्रसिद्ध केली. त्यात किचकट सरळरूप द्या छापाची गणितं नाहीत, फंक्शन कळलंय का, एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते हे कळलंय का, असे प्रश्न आहेत. १३ किंवा जास्त मिळवणाऱ्यांपैकी ७७ टक्के पहिल्या कॅल्क्युलस कोर्समध्ये सी किंवा वरच्या ग्रेडने पास झाले. १२ किंवा कमीवाल्यांपैकी ६० टक्के नापास झाले, काठावर डी घेऊन अडकले किंवा कोर्स सोडून गेले. म्हणजे कॅल्क्युलसच्या आधी काय येतं यावर पुढचं बरंच ठरतं, फक्त ते "काय" म्हणजे फंक्शनची समज.

हेच आकडे "निम्म्याखालच्यांना काढा" वाल्या मुद्द्यालाही लावून बघा. कमी मार्कवाल्यांतले ६० टक्के अडकले, म्हणजे ४० टक्के पार पडले. खास त्यासाठी बनवलेल्या चाचणीतसुद्धा दहातले चार जण खालून वर आले, आणि इथे आपण आपल्या मनाने काढलेल्या पहिल्या आठवड्याच्या टेस्टवर, तीपण बहुतेक अपूर्णांक आणि घातांकांची, समोरच्या मुलीला सांगायचं की तू दुसरा विषय बघ? बरं, अजून काहीच न शिकवता? हा कोर्स तिच्यासाठीच तर ठेवलाय. टेस्ट जरूर घ्या, पण ती आपला प्लॅन बदलायला घ्या.

"आधी बीजगणित पक्कं करा" हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं म्हणून जास्त घातक आहे. पाच आठवडे जी उजळणी करायची ती मुलांनी दोन-तीनदा करून झालेली असते, त्यांना वाटतं हे तर येतं, नाहीतर वाटतं हे आपल्याला कधीच येणार नाही, दोघंही ऐकणं बंद करतात. शिवाय चुका नीट बघितल्या तर त्या बीजगणिताच्या नसतातच. मुलं लिहितात, एक्स अधिक तीन या अख्ख्याचा वर्ग म्हणजे एक्स वर्ग अधिक नऊ. ए वर्ग अधिक बी वर्ग या बेरजेचं वर्गमूळ म्हणजे ए अधिक बी. ए अधिक बी चा लॉग म्हणजे दोन लॉगची बेरीज. साइन दोन एक्स म्हणजे दोन साइन एक्स. पुस्तकात ह्या चार वेगवेगळ्या धड्यांतल्या चार चुका आहेत, मला विचाराल तर चूक एकच आहे: मुलाला वाटतंय की प्रत्येक फंक्शन बेरजेवर गुणाकारासारखं सुटं सुटं वाटता येतं. ही चूक उजळणीने जात नाही. फंक्शन म्हणजे आत काहीतरी घेऊन बाहेर काहीतरी देणारी गोष्ट, आणि आत अख्खं एक्स अधिक तीन गेलंय, हे कळल्यावर जाते. म्हणून फंक्शन पहिल्या आठवड्यात सुरू करायचं आणि बीजगणित जिथे अडेल तिथे, त्याच दिवशी, त्याच गणितात दुरुस्त करायचं.

एक प्रश्न मी दर वर्षी विचारते. तळ्यात खडा टाकला, लाटेचं वर्तुळ सेकंदाला ३ सेंटीमीटरने पसरतंय, क्षेत्रफळ वेळेच्या भाषेत सांगा. पाय आर वर्ग सगळे लिहितात आणि थांबतात. आर म्हणजे तीन टी, ते आत घाला, नऊ पाय टी वर्ग, हे शेवटचं पाऊल पडत नाही. घातांकाचे नियम त्यांना येतात, पण एका फंक्शनच्या पोटात दुसरं फंक्शन बसतं हे कोणी दाखवलेलं नसतं. हीच मुलं पुढे चेन रूलला, म्हणजे अशा फंक्शनच्या डेरिव्हेटिव्हच्या नियमाला, आपटतात आणि मग आपण म्हणतो बीजगणित कच्चं होतं.

ग्राफ कॅल्क्युलेटर काढतो, हो काढतो, काढू द्या. डिग्री मोडची सपाट रेघ तोच काढतो, ती चूक आहे हे ओळखायला माणूस लागतो.

पुस्तक संपवण्याबद्दल फार लिहीत नाही. पंधरा आठवड्यांत सगळं बसत नाही, काहीतरी गाळावंच लागतं. मी डेकार्तचा चिन्हांचा नियम आणि क्रॅमरचा नियम बिनदिक्कत गाळते, शांकव दोन तासांत आटपते, आणि सरासरी बदलाचा दर, संयुक्त आणि व्यस्त फंक्शन, घातांकी-लॉग आणि वर्तुळावरची ट्रिग यांना हात लावू देत नाही. एक्स पासून एक्स अधिक एच पर्यंत फंक्शन किती बदललं भागिले एच, ही राशी तर दुसऱ्या आठवड्यापासून दर नव्या फंक्शनला लावून घेते, म्हणजे कॅल्क्युलसच्या पहिल्या तासाला ती जुनी ओळखीची निघते.

बहिणीचा प्लॅन काल आम्ही फोनवर दीड तास बसून पुन्हा मांडला. उजळणीचे पाच आठवडे गेले, ट्रिगला सलग पाच मिळाले, आणि दोरा आणि झाकण सातव्या आठवड्याच्या पहिल्या तासाला लागलं. तिने एवढंच विचारलं की दोरा ताणला जाणारा चालेल का. नाही चालणार, सुती घे.