मायलेज जास्त, म्हणून गाडी स्वस्त?

"भावा, दोन गाड्यांत अडकलायस? कंपनीचं मायलेज बघ, जास्त असेल ती घे. सीएनजी घेतलीस तर वर्षात पैसे वसूल. डिझेलला तर तोडच नाही." अशा अर्थाचा मेसेज कोल्हापुरातल्या बऱ्याच ग्रुपांवर फिरतोय. वाचायला झकास, हिशोबाला कच्चा.

आधी "कंपनीचं मायलेज". ब्रोशरमधला एआरएआयचा (गाड्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचा) आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर, एसी बंद ठेवून काढलेला असतो. दसरा चौकातला सिग्नल किंवा घरच्यांसह सामान भरून चढलेला करूळ घाट त्यात नसतो. दोन गाड्यांची आपसांत तुलना करायला तो चालेल, महिन्याचं बजेट बसवायला नाही. खरा आकडा हवा तर तीच गाडी वापरणाऱ्या ओळखीच्याला सांगा: पंपाचं नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भर, किलोमीटर लिहून ठेव, पुढच्या वेळी त्याच पंपावर तशीच भर. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर. डॅशबोर्डवरचा आकडा बहुतेकदा जरा खुशमस्कऱ्याच असतो.

मायलेज चारने जास्त, पण कुठून कुठे? महिन्याला 1000 किलोमीटर धरा. 12 ऐवजी 16 देणारी गाडी घेतली तर जवळपास 21 लिटर वाचतात. 20 ऐवजी 24 देणारी घेतली तर जेमतेम 8. म्हणून मायलेजची वजाबाकी करू नका, महिन्याचे लिटर काढा आणि त्यांचे रुपये करा.

आता सीएनजी. मेसेजचा सगळा जोर इथंच आहे, आणि तो अर्धा खराही आहे. समजा पेट्रोल 105 रुपये लिटर, गाडी 18 देते: किलोमीटरला 5.83 रुपये. सीएनजी 90 रुपये किलो, गाडी 25 देते: 3.60. फरक सव्वादोन रुपयांच्या आसपास. (दर आपल्या पंपावरचे घाला.) महाराष्ट्रात सीएनजीला रस्ता कर पेट्रोलपेक्षा कमी आहे, त्यामुळं एक्स-शोरूम नव्हे, ऑन-रोड (कर, विमा धरून हातात पडेपर्यंतच्या) किमतींतला फरक धरायचा. तो 60 हजार असेल तर 27 हजार किलोमीटरला वसुली. कोल्हापूर-पुणे सतत फिरणाऱ्याला, महिन्याला अडीच हजार किलोमीटर पडत असतील तर, वर्षाच्या आत. त्याच्यापुरता मेसेज खरा. राजारामपुरीतून शाहूपुरीला दुकानात आणि कधीतरी जोतिबाला जाणाऱ्याचे महिन्याला 700 होत असतील, तर तीन वर्षांहून जास्त. शिवाय बऱ्याच गाड्यांत डिकी सिलिंडरनं खाल्लेली असते आणि दर तीन वर्षांनी त्याची हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबानं मजबुतीची तपासणी. पंपावरच्या रांगेचं तर मी बोलतच नाही.

डिझेल? कर जास्त, गाडी महाग. बीएस-6 (धुराच्या सध्याच्या नियमातल्या) डिझेलला धूर गाळणारा डीपीएफ असतो आणि तो साफ व्हायला लांबची, सलग धाव लागते. रोज गंगावेशीपर्यंतच जाणार असाल तर हा विषय इथंच सोडा.