कुरुमेचा कॅनव्हास बूट आणि आमची भोसरी

जपानी कारागिरी म्हटलं की आपल्याकडे लोक लगेच हात जोडून उभे राहतात. सध्या माझ्या फीडवर जुने क्लासिक स्नीकर जपानमध्ये पुन्हा कसे घडवले जातायत याचे व्हिडिओ एकामागून एक येतायत. मागे मंद पियानो, सुरकुतलेले हात, रबराच्या पट्टीचा क्लोज-अप, आणि खाली कमेंटींमध्ये ‘आपल्याकडे हे का नाही’ची रडगाणी. मी निम्मं आयुष्य भोसरीत रबराच्या धंद्यात काढलंय. बुश, गॅस्केट, ग्रोमेट असला यंत्रांत बसणारा रबरी माल. त्यामुळे त्या व्हिडिओतलं पियानो सोडून सगळं मला ओळखीचं वाटतं. आणि कौतुक भलत्याच गोष्टीचं चाललंय असंही वाटतं.

आधी बुटाची गोष्ट सांगतो, कारण ती भारी आहे.

कॉन्व्हर्सचा ऑल स्टार सगळ्यांनी पाहिलाय. घोट्यापर्यंतचा कॅनव्हास, पुढे रबरी टोपी, घोट्यापाशी गोल शिक्का आणि त्यात तारा. 1917 सालचा अमेरिकन बास्केटबॉलचा बूट. 2001 मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली, अमेरिकेतलं उत्पादन बंद झालं आणि काम आशियात गेलं. 2003 मध्ये नायकीनं कंपनी घेतली. पण जपानपुरता हा ट्रेडमार्क त्याआधीच इतोचू नावाच्या जपानी कंपनीकडे गेला होता. म्हणजे टोकियोच्या दुकानातला कॉन्व्हर्स हा नायकीचा कॉन्व्हर्सच नव्हे. अमेरिकेतले जोड आणून जपानमध्ये विकायला गेलात तर ते ट्रेडमार्कचं उल्लंघन, असा तिथल्या कोर्टाचा निकाल आहे. पायात घालून जा, विकू नका.

तर या जपानी कॉन्व्हर्समध्ये ‘ऑल स्टार जे’ नावाचा एक प्रकार आहे. तो जपानमध्येच बनतो, क्यूशू बेटावरच्या कुरुमे गावात. अमेरिकेचा सगळ्यात अमेरिकन बूट. त्याचे तिथले कारखाने बंद पडले आणि जुन्या पद्धतीनं तो बनतोय फुकुओका प्रांतातल्या एका गावात.

कुरुमे हे रबराचं गाव. 1873 साली कुराता उन्पेई या माणसानं तिथे ताबी शिवायचं दुकान काढलं. ताबी म्हणजे अंगठा वेगळा असलेला जपानी मोजा. त्याच दुकानाची पुढे मूनस्टार कंपनी झाली. गावातले दुसरे ताबीवाले म्हणजे इशिबाशी. दोघंही ताबीला रबरी तळ लावायला लागले, आणि खाणकामगार, शेतकरी, गवंडी यांच्या पायात गवताच्या चपलांऐवजी ते आले. इशिबाशींच्या घरातला शोजिरो त्या रबरातून टायरकडे वळला आणि 1931 मध्ये त्यानं ब्रिजस्टोन काढली. तुमच्यापैकी कुणाच्या गाडीला ब्रिजस्टोनचे टायर असतील, तर त्यांचं मूळ एका मोज्याच्या दुकानात आहे. (हे मी आमच्या कँटीनमध्ये सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसला नव्हता.)

माझा भाचा फुकुओकात नोकरीला आहे. त्यानं मागच्या खेपेला मला मूनस्टारचा साधा पांढरा कॅनव्हास जोड आणला. बायको म्हणाली, अहो, हे तर शाळेतले पीटीचे बूट! बरोबरच बोलली. शनिवारी सकाळच्या शाळेला पांढरं पॉलिश नाहीतर खडू फासून जायचो, तेच खानदान. मी मात्र चष्मा काढून त्याची कड बघत बसलो.

बुटाच्या कडेनं जी रबराची पट्टी फिरते तिला फॉक्सिंग म्हणतात. तिची दोन टोकं आतल्या बाजूला, तळपायाच्या कमानीपाशी, एकमेकांवर येतात. तिथे मी नख फिरवलं. तिरपा काप, एकावर एक बसवून दाबलेला. नखाला पायरी लागते पण नख आत शिरत नाही. पट्टी आणि कापड यांच्यामध्ये डिंकाची रेघ नाही, पुढच्या टोपीपाशी फुगा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पांढऱ्या रबरात एक काळा ठिपका नाही. हे शेवटचं रबरवाल्यालाच कळेल. आमच्याकडे पांढरं कंपाउंड, म्हणजे रबर आणि त्यातल्या मसाल्याचं मिश्रण, काढायचं म्हणजे आधी ते मळायच्या मिलचे रोल घासूनपुसून घ्यायचे, आजूबाजूला कार्बनच्या काळ्या पुडीचं पोतंसुद्धा ठेवायचं नाही, आणि तरी पहिल्या लॉटला कुठून तरी काळं येतंच. मग शिव्या.

आता हा बूट बनतो कसा ते थोडं सांगतो, कारण व्हिडिओत नेमकं हेच पियानोखाली दबतं. शिवलेलं कॅनव्हास पायाच्या आकाराच्या धातूच्या फर्म्यावर ओढून बसवतात. फर्मा धातूचा, कारण तो बुटासकट तापणार असतो. मग तळ, पुढची टोपी, कडेची पट्टी हे सगळं कच्च्या रबराचं, सोल्यूशन लावून एकेक चिकटवत जायचं. कच्चं रबर म्हणजे मऊ, ओढलं की लांबतं, दाबलं की ठसा उमटतो. पट्टी जास्त ताणली तर नंतर आखडते, सैल सोडली तर लाटा येतात. हाताच्या रोलरनं दाबून आतली हवा काढायची. एवढं झालं की जोड ट्रॉलीवर लावून मोठ्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या बंद भट्टीत, ढकलायचे. आत शंभर अंशांच्या वर उष्णता आणि दाब, साधारण तासभर. रबरात घातलेलं गंधक रबराच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधतं. गेलं तेव्हा च्युइंगम होतं, आलं तेव्हा रबर. तळ, पट्टी, टोपी सगळं एकजीव. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरला सापडलेलं हे व्हल्कनायझिंग; आम्ही त्याला रोजच्या बोलण्यात क्युअरिंग म्हणतो.

यात एक गोम आहे. भट्टीत जाण्याआधी चूक झाली तर पट्टी उचकटून पुन्हा लावता येते. नंतर काही करता येत नाही, तो जोड भंगारात. शिवाय कच्चं कंपाउंड हवेप्रमाणे वागतं. मे महिन्यात आमच्या शेडमध्ये ते पडल्या पडल्या अर्धवट क्युअर व्हायला लागतं, त्याला स्कॉर्च म्हणतात, आणि डिसेंबरात तेच कंपाउंड पहाटे दगडासारखं असतं. कुरुमेतही उन्हाळा-हिवाळा आहेच. पट्टी लावणाऱ्याला रोज त्या दिवसाचं रबर ओळखून हात चालवावा लागतो. इथपर्यंत व्हिडिओवाल्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं.

पण आता माझं भांडण.

व्हिएतनाममध्ये बनणाऱ्या कॅनव्हास बुटांनाही ही पट्टी बहुतेक वेळा माणूसच हातानं लावतो. व्हान्स असो, कॉन्व्हर्स असो, व्हल्कनाइज्ड बूट पूर्णपणे मशीनवर सोडता येतच नाही. तेव्हा ‘हँडमेड’ हा काही जपानचा वेगळेपणा नव्हे. हात दोन्हीकडे आहेत. तिथल्या पोरीच्या हातात कमी कसब आहे असं म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही, कारण लाइनवर ताशी टार्गेट देऊन तिच्याकडून जे काम काढून घेतात ते मी माझ्या शॉपवर मागितलं तर पोरं दुसऱ्या दिवशी येणार नाहीत. फरक कशात असतो? एका जोडाला किती वेळ दिलाय, कंपाउंडमध्ये काय घातलंय, आणि पट्टी लावणाऱ्यानं ‘हा जोड जाऊ देत नाही’ म्हटलं तर सुपरवायझर काय करतो. तिन्ही गोष्टी पैशाच्या आहेत. त्या ऑफिसात ठरतात, बोटांत नाही.

आणि इतिहास बघा. 1949 साली कोबेमध्ये किहाचिरो ओनित्सुकानं युद्धानंतरच्या उद्ध्वस्त गावात पोरांसाठी खेळाचे बूट काढायचे म्हणून कंपनी सुरू केली. पहिला बास्केटबॉलचा बूट घसरायचा. तेव्हा या गड्यानं जेवताना ऑक्टोपसच्या पायावरचे शोषक बघितले आणि तसले खळगे तळाला दिले. 1962 मध्ये फिल नाइट नावाचा अमेरिकन पोरगा कोबेला येऊन त्याचे टायगर बूट अमेरिकेत विकायचा सौदा करून गेला. त्याच धंद्यातून पुढे नायकी निघाली. नाइटचं गणित काय होतं? जपानी बूट चांगले आहेत आणि स्वस्त आहेत, जर्मनांच्या आदिदासला ते मागे टाकतील. स्वस्त! म्हणजे साठच्या दशकात जपानी हात हे जगाच्या हिशेबी स्वस्त मजूर होते. तेव्हा त्यांच्यावर पियानो वाजवून कुणी व्हिडिओ काढला नसता. मजुरी वाढली, काम कोरिया, तैवान, चीन, इंडोनेशिया, व्हिएतनाम असं सरकत गेलं, आणि मागे जे थोडे उरले ते ‘कारागीर’ झाले.

उरले ते मात्र का उरले, हा मला खरा रस असलेला भाग.

मूनस्टार फक्त शौकिनांचे बूट बनवत नाही. जपानी शाळांत वर्गात घालायचे वेगळे बूट असतात, पांढरे, साधे, पोरं वर्षभरात फाडतात किंवा ते त्यांना लहान होतात. लहान मुलांचे बूट, शाळेचे बूट, हा या कंपनीचा वर्षानुवर्षांचा धंदा. त्यात ना ग्लॅमर ना इन्स्टाग्राम. पण पोरांचे पाय दर वर्षी वाढतात, म्हणजे ऑर्डर दर वर्षी येते. कारखाना चालता ठेवायला असलाच माल लागतो. महिन्यातून दोनदा पेटणारी भट्टी कुणालाच परवडत नाही, आणि महिन्यातून दोनदा पट्टी लावणाऱ्याचा हात बसत नाही. मग कधीतरी टोकियोचा एखादा डिझायनर जुन्या बुटाचं चित्र घेऊन आला की फर्मे आहेत, मिल आहे, भट्टी गरम आहे, माणसं आहेत. त्याला फक्त कापड आणि रंग निवडायचा असतो. ज्याला आपण पुनरुज्जीवन म्हणतो ते बऱ्याचदा एवढंच असतं. श्रेय द्यायचंच तर पहिलीतल्या त्या पोरांना द्या.

ओनित्सुका टायगरची ‘निप्पॉन मेड’ मालिका मला म्हणूनच थोडी कमी भावते. 2008 पासून ते मेक्सिको 66 सारखी जुनी मॉडेलं जपानमध्ये, निवडक चामड्यात बनवतायत. चामडं धुणं, हातानं रंगवणं, मुद्दाम वापरल्यासारखी झाक आणणं. मॉडेलाचं मूळ 1966 चं, त्यावरचे ते पट्टे 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकला जपानी खेळाडूंच्या पायात होते. काम देखणं आहे, वाद नाही. पण त्यांचे नेहमीचे मेक्सिको 66 जपानबाहेरच बनतात आणि हा वरचा महागडा थर तेवढा मायदेशी. म्हणजे आधी बूट नवा बनवायचा, मग हातानं जुना करायचा, मग जुनेपणाचे दुप्पट पैसे घ्यायचे. मला कोबेच्या ऑक्टोपसवाल्याचा अडाणी, कामापुरता बूट जास्त आवडला असता. हे माझं मत. ओनित्सुकाप्रेमींनी कमेंटमध्ये तुटून पडावं.

‘जपानी वस्तू आयुष्यभर टिकते’ हेही जरा बेतानं घ्या. व्हल्कनाइज्ड बुटाचा तळ एकजीव असतो, म्हणून तो निघत नाही, आणि म्हणूनच तो बदलताही येत नाही. झिजला की संपला. करंगळीपाशी जिथे पाय मुडपतो तिथे कॅनव्हास आधी फाटतं, कुरुमेचं असो की कुठलंही. हां, एका बाबतीत हे रबर निर्विवाद सरस. महागडे रनिंग शूज दोन वर्षं कपाटात ठेवून एखाद्या पावसाळ्यानंतर काढले आणि चालताना तळ भाकरीच्या चुऱ्यासारखा गळून पडला, हा अनुभव पुण्या-मुंबईत खूप जणांना आलाय. तो पॉलियुरेथेन फोम. हवेतल्या दमटपणानं न वापरताच कुजतो. व्हल्कनाइज्ड रबराला हा रोग नाही. पिवळं पडेल, कडक होईल, पण चुरा होणार नाही.

आता ‘आपल्याकडे हे का नाही’चं बघू. नैसर्गिक रबर आपल्या केरळात पिकतं; जपानात रबराचं झाडच नाही, ते सगळं बाहेरून आणतात. कॅनव्हास आपल्याकडे विणतात. ऑटोक्लेव्ह भोसरी-चाकणला पाहिजे तेवढे मिळतील. माझ्याकडचा एक ऑपरेटर कंपाउंडला अंगठा लावून सांगतो की आज प्रेसला दोन मिनिटं कमी ठेवा, आणि त्याचं सहसा चुकत नाही. त्याचा व्हिडिओ कुणी काढत नाही हे जाऊ द्या, त्याचा पगार त्या अंगठ्याच्या हिशेबानं नाही हे मात्र मला खुपतं. आणि तो वाढवायचा तर गिऱ्हाइकाकडून बुशमागे चार आणे जास्त मागावे लागतात, तिथे परचेसवाला दुसऱ्या व्हेंडरचं कोटेशन काढून दाखवतो. कमेंटमध्ये रडणाऱ्यांतले निम्मे याच परचेस डिपार्टमेंटमध्ये बसतात, असा माझा दाट संशय आहे.

भाच्याकडून कुरुमेचा जोड मागवणार असाल (आधीच तीन मित्रांनी मेसेज केलेत, तो कुरियरवाला नाही) तर दोन-तीन गोष्टी. जपानी माप सेंटिमीटरमध्ये असतं, पाय कागदावर ठेवून मोजून पाठवा. तळ सपाट आहे, टाच दुखत असेल किंवा पाय सपाट असतील तर आत सोल टाकावा लागेल, त्या हिशेबानं माप घ्या. पळायला वापरू नका. आणि ओले झाले तर कागद कोंबून सावलीत वाळवा, उन्हात गच्चीवर नको. पट्टी पिवळी पडली की खडूनं झाकली जात नाही, मी बघितलंय लावून.