छत्तीस तासांचा अभिमान

मार्डनं, म्हणजे महाराष्ट्रातल्या रेसिडेंट (एमडी-एमएस शिकता शिकता ड्यूटी करणाऱ्या निवासी) डॉक्टरांच्या संघटनेनं, संपाची नोटीस दिली, की आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाक्य हमखास येतं: "आम्ही सलग छत्तीस तास ड्यूट्या केल्या, आम्ही काय मेलो का?" लिहिणारे बहुतेक आता प्राध्यापक किंवा स्वतःच्या नर्सिंग होमचे मालक. हेच लोक तेव्हा इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी राऊंडला उभ्या उभ्या झोपायचे. आणि रेसिडेंट फारच कुरकुरले, तर कॉलेज काय करतं? 'पॉझिटिव्ह माइंडसेट'वर व्याख्यान ठेवतं. तेही नाइट संपल्यावर, हजेरी सक्तीची.

मी इंग्लंडमध्ये भूलतज्ज्ञ आहे. मुंबईत एमडी केलं, त्यामुळे दोन्हीकडचं पाणी प्यायले आहे.

आपल्याकडे नियम नाहीत, असं कोणी समजू नये. केंद्राच्या १९९२च्या रेसिडेन्सी योजनेत सलग ड्यूटी साधारण १२ तास आणि आठवडा ४८ तासांचा, असं स्पष्ट आहे. २०२४मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यदलानं आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास सुचवले. तीस वर्षांत मर्यादा वर सरकली, आणि तरी वॉर्डातल्या पोरांना हे ७४ तास चैनीचे वाटतात.

इथे युरोपच्या नियमामुळे २००९पासून प्रशिक्षणार्थी डॉक्टरांना ४८ तासांची सरासरी लागू झाली. २०१६च्या करारानं एका शिफ्टला १३ तासांची हद्द घातली. पण कागद आपल्याकडेही आहेत. फरक पडतो तो पुढच्या भागानं. वेळ ओलांडली की डॉक्टर 'एक्सेप्शन रिपोर्ट' भरतो. त्यावर लक्ष ठेवायला रुग्णालयात एक 'गार्डियन' नेमलेला असतो, आणि ठरावीक मर्यादा मोडली तर तो विभागाला दंड करतो. दंडातला काही भाग त्या डॉक्टरला मिळतो. त्यामुळे पुढच्या डॉक्टरकडे पेशंट सोपवून झाल्यावरही रेंगाळलात, तर सीनिअरच विचारतो, "अजून इथे काय करतेस?" इंग्रज मनाचा मोठा आहे म्हणून नव्हे, बजेट त्याचं आहे म्हणून.

इथे सगळं आलबेल आहे, असंही नाही. जनरल मेडिकल कौन्सिलच्या २०२४च्या पाहणीत २१ टक्के प्रशिक्षणार्थींना बर्नआउटचा, म्हणजे कामाच्या ताणानं पार थकून जाण्याचा, मोठा धोका दिसला. कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर पडलेले म्हातारे पेशंट, प्रशिक्षणाच्या जागांसाठी झुंबड, वारंवार बदलणारं गाव. रिपोर्ट भरला तर नावावर काट येईल, ही भीती इथेही असते. आणि शस्त्रक्रियेच्या बाबतीत ग्रुपवरच्या मित्रांचं म्हणणं मला मान्य आहे: मुंबईच्या पोराचा हात जितका चालतो, तितका इथल्याचा त्या वयात चालत नाही.

पण हात चालतो तो ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये. छत्तीस तासांतले ओटीतले किती? माझ्या आठवणीतली रेसिडेन्सी म्हणजे रक्त काढणं, सॅम्पल घेऊन लॅबला धावणं, ब्लड बँकेसमोर पिशवीसाठी ताटकळणं आणि वॉर्डातले मामा सापडले नाहीत की स्वतःच ट्रॉली ढकलत पेशंटला सीटी स्कॅनला नेणं. इथे ही कामं बरीचशी फ्लेबॉटॉमिस्ट (रक्त काढणारे कर्मचारी) आणि पोर्टर (पेशंटची, सॅम्पलची ने-आण करणारे) करतात. ट्रॉली ढकलून कोणी सर्जन झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये बर्नआउट म्हणजे कामाच्या ठिकाणच्या, आटोक्यात न आणलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम, अशी व्याख्या केली. आजारांत ते धरलं नाही. तरी आपण औषध रेसिडेंटलाच पाजतो. ध्यानाला माझा विरोध नाही, मीही करते. पण नातेवाइकांनी तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला तरी आता माझा आवाज चढत नाही, हा संयम मला रोस्टरनं, ड्यूटीच्या वेळापत्रकानं, दिला. झोप झालेल्या माणसाला स्वभाव सुधारायला उसंत मिळते.

पेशंट परत पाठवता येत नाहीत, तास कमी केले तर वॉर्ड कोण सांभाळणार, असं अधिष्ठाते म्हणतात. प्रश्न रास्त आहे. म्हणून पुढच्या वेळी मार्डनं विद्यावेतनाच्या जोडीला दोन गोष्टी लेखी मागाव्यात: चतुर्थ श्रेणीच्या आणि तंत्रज्ञांच्या रिकाम्या जागा भरण्याची तारीख, आणि पंच्याहत्तराव्या तासाचा दंड कोणत्या खात्यातून वळता होणार, त्या खात्याचं नाव.