‘इंडेक्सांचे लाड कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पोस्टग्रेस या डेटाबेसमधल्या खास इंडेक्सांवरचा (इंडेक्स म्हणजे रेकॉर्ड पटकन सापडावेत म्हणून ठेवलेली सूची) माझा लेख तुम्हाला पटला नाही, आणि का पटला नाही तेही तुम्ही सविस्तर लिहिलंत. आभार. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो: तीनच व्हॅल्यू असलेल्या कॉलमवर इंडेक्स टाकणं हा अडाणीपणा, प्रत्येक नवा इंडेक्स इन्सर्ट-अपडेटच्या उरावर बसतो (‘आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास’ हे तुमचे शब्द), आणि रॅम वाढवली, शोधासाठी इलास्टिकसर्च ही वेगळी सिस्टिम आणली की असले लाड करावे लागत नाहीत.

पहिला मुद्दा सबंध कॉलमवरच्या इंडेक्सपुरता खरा आहे. मी लिहिलं होतं ते पार्शल इंडेक्सबद्दल, म्हणजे एखाद्या अटीत बसणाऱ्या रेकॉर्डांपुरत्याच इंडेक्सबद्दल. समजा, एसएमएस पाठवायची रांग एका टेबलात आहे. पाच कोटी रेकॉर्ड, त्यातले चार-पाच हजार ‘बाकी’, उरलेले ‘पाठवला’ नाहीतर ‘फसला’. वर्कर (एसएमएस पाठवणारा प्रोग्रॅम) दर दोन सेकंदांनी येऊन मागतो: बाकीतले सगळ्यात जुने शंभर द्या. इथे इंडेक्स टाकायचा तो नोंदीच्या वेळेवर, आणि त्याला ‘व्हेअर स्थिती = बाकी’ ही अट जोडायची. मग त्यात पाच कोटी नव्हे, जेमतेम पाच हजार नोंदी राहतात. क्रम आधीच लागलेला, त्यामुळे सॉर्ट करायलाही काही उरत नाही.

तुम्ही ओरॅकल या डेटाबेसवर वाढलेले, म्हणून सांगतो, ही युक्ती तुमच्याच घरातली आहे. ज्या रेकॉर्डच्या सगळ्या की (इंडेक्समधल्या व्हॅल्यू) नल, म्हणजे रिकाम्या, आहेत तो ओरॅकलचा बी-ट्री, म्हणजे नेहमीचा इंडेक्स, ठेवतच नाही. म्हणून तिकडचे जाणते डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) ‘केस’ ही अट लावून नको ते रेकॉर्ड नल करतात आणि त्यातून निघणाऱ्या व्हॅल्यूवर इंडेक्स (फंक्शन-बेस्ड इंडेक्स) टाकतात. तो पार्शल इंडेक्सच की, फक्त मागच्या दाराने आलेला! एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००८च्या आवृत्तीपासून तो फिल्टर्ड इंडेक्स म्हणून मिळतो. मायएसक्यूएलवाल्यांची मात्र पंचाईत आहे.

एक खोच मात्र आहे. स्थिती पॅरामीटर म्हणून, क्वेरीबाहेरून, पाठवली आणि प्लॅनरने (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाने) जेनेरिक, म्हणजे सगळ्या व्हॅल्यूंना एकच, प्लॅन घेतला, तर तो हा इंडेक्स वापरू शकत नाही, कारण त्या जागी पुढे कुठली व्हॅल्यू येईल ते त्याला माहीत नसतं. ‘बाकी’ हा शब्द क्वेरीतच लिहा. ओआरएमशी (तुमच्या वतीने क्वेरी लिहिणाऱ्या लायब्ररीशी) भांडावं लागलं तर भांडा.

आता लिहिण्याचा खर्च. इथे तुमचं म्हणणं वजनदार आहे, आणि उल्हास-फाल्गुनपेक्षा जरा खोलात जाऊन बघू. पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे रेकॉर्डची नवी प्रत. इंडेक्समधला कुठलाच कॉलम बदलला नसेल आणि त्याच पानात (टेबलाच्या ८ केबीच्या तुकड्यात) जागा असेल, तर इंडेक्सांना हात न लावता काम भागतं; त्याला हॉट अपडेट म्हणतात. पार्शल इंडेक्सच्या अटीतला कॉलमही यात धरला जातो. म्हणजे ‘बाकी’चं ‘पाठवला’ झालं की ही सवलत गेली, आणि प्रायमरी कीच्या इंडेक्सातही नवी नोंद पडली. पण स्थितीवर साधा बी-ट्री टाकलात तरी हेच होणार, वर तो पाच कोटी नोंदी सांभाळणार तो वेगळाच.

या रांगेला खरा त्रास होतो ऑटोव्हॅक्यूमच्या (अपडेटनंतर मागे राहिलेल्या जुन्या, मेलेल्या प्रती साफ करणाऱ्या प्रक्रियेच्या) डीफॉल्टमुळे. टेबलाचे साधारण २० टक्के रेकॉर्ड मेल्याशिवाय तो जागा होत नाही. पाच कोटींचे २० टक्के म्हणजे एक कोटी मेलेले रेकॉर्ड! या एका टेबलापुरता तो २० टक्क्यांचा आकडा (स्केल फॅक्टर) खाली आणा. बरेचदा शिव्या इंडेक्सला बसतात आणि गुन्हेगार हा असतो.

रॅमबद्दल. महिन्याच्या रिपोर्टला अर्धा तास लागतो म्हणून तुम्ही रॅम मागितलीत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. वेळेच्या क्रमाने भरत जाणारं ५० कोटी रेकॉर्डचं, १०० जीबीचं टेबल घ्या. टाइमस्टँपवर बी-ट्री टाकलात तर तोच दहा जीबीच्या आसपास जाईल. ब्रिन हा दुसरा इंडेक्स प्रत्येक रेकॉर्डची नोंद ठेवत नाही. ८ केबीची १२८ पानं, म्हणजे एक एमबीचा पट्टा धरतो आणि त्यातली सर्वांत लहान व मोठी तारीख तेवढी लिहून ठेवतो. शंभर जीबीला लाखभर पट्टे, इंडेक्स काही एमबींचा. एका महिन्याचा रिपोर्ट काढताना बाकीचे पट्टे बघायचेच नाहीत. पोस्टग्रेसमध्ये हा ९.५ पासून आहे, आणि १६ पासून तो हॉट अपडेटच्या आडही येत नाही.

पण टेबलात रेकॉर्ड तारखेच्या क्रमाने पडलेले हवेत. जुन्या तारखांचे रेकॉर्ड उशिरा येत असतील, तर पट्ट्यांच्या हद्दी फुगतात आणि ब्रिन नुसता शोभेला राहतो. अधूनमधून असं होत असेल तर १४व्या आवृत्तीतला मिनमॅक्स-मल्टी (एका पट्ट्यासाठी अनेक हद्दी ठेवणारा ब्रिनचा प्रकार) बघा.

इलास्टिकसर्च वाईट नाही. पण काही लाख नावांत ‘मध्ये कुठेतरी कुलकर्णी’ शोधायला दुसरी सिस्टिम उभी करायची, आणि दोन्हीकडचा डेटा जुळवत बसायचं? ट्रायग्रॅमचा, म्हणजे नावाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे सांभाळणारा, जिन इंडेक्स पुरतो. नावं देवनागरीत असतील तर आधी हे तुकडे दाखवणाऱ्या ‘शो_टीआरजीएम’ फंक्शनला एक मराठी नाव देऊन बघा. डेटाबेसचं लोकेल (भाषेचं सेटिंग) ‘सी’ असेल तर रिकामा अॅरे हाती येईल, म्हणजे मराठीसाठी तो इंडेक्स निरुपयोगी. विचित्र हेक्स आकडे दिसले तर घाबरू नका, इंग्रजीबाहेरची अक्षरं ते अशाच आकड्यांत दाखवतं.

त्या अर्ध्या तासाच्या क्वेरीवर एक्स्प्लेन अॅनालाइझ (क्वेरी प्रत्यक्षात कशी चालली ते दाखवणारी कमांड) बफर्ससकट चालवा आणि आउटपुट इथे टाका. टेबलांची नावं बदललीत तरी चालेल. फिल्टरने किती रेकॉर्ड फेकले तो आकडा आणि तारखेच्या कॉलमचं पीजी_स्टॅट्समधलं कोरिलेशन (टेबलातला क्रम तारखेच्या क्रमाशी किती जुळतो तो आकडा), एवढं मिळालं की ब्रिन चालेल की नाही ते सांगतो. रॅमची ऑर्डर तोवर थांबवता आली तर बघा.